शरणपूर ज्यांचं माहेर

आजीच्या गोष्टींत सन नसे. ‘प्लेगाच्या आधी’, ‘मोठ्या दुष्काळात’, ‘आगगाडी घाट चढायला लागली तेव्हा’ अशी तिची कालगणना. त्यातही ‘आगगाडीच्या आधीचं’ असं ती म्हणाली की समजायचं, ही गोष्ट तिची स्वतःची नाही, तिच्या आजीकडून आलेली आहे. थळ घाटातून रेल्वे १८६५ साली सुरू झाली, हे मी पुष्कळ पुढे वाचलं. तिच्या गोष्टी त्या सालाच्या अलीकडे-पलीकडे लावून पाहिल्या, तर बऱ्याचशा बरोबर बसल्या.

त्यातली एक गोष्ट हबशी पोरांची. “आपल्या शरणपुरात हबशी पोरं होती. काळीभोर, कुरळ्या केसांची. ती आपल्यासारखीच भाकर खायची, आपल्याच देवळात बसायची. मग साहेबानं त्यांची लग्नं लावली नि बोटीत बसवून दिली. गेली आपापल्या घरी.” इथे गोष्ट संपे. आम्ही विचारायचो, घर कुठे होतं? आजी म्हणायची, “दर्यापार.” तिच्या दृष्टीने उत्तर पुरेसं होतं.

शरणपूर हे नाव आज नाशिककर दिवसातून दहा वेळा घेतात, पण ते रस्त्याचं नाव म्हणून. दवाखाने, बँका, शोरूम, कॅनडा कॉर्नरची गर्दी, पार्किंगची मारामार. संत आंद्रिया चर्च तिथेच आहे. नाताळच्या आठवड्यात त्यावर रोषणाई झाली की शहराला त्याची आठवण होते. पण रस्त्याच्या आधी तिथे गाव होतं. चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५४ साली नाशिक शहराबाहेर ते वसवायला घेतलं. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांना त्यांच्या गावांत पाणवठा बंद होई, नातलग दार लावून घेत, धंदा बसे. त्यांना राहायला, कसायला, शिकायला जागा म्हणून हे शरणपूर. शेती, शाळा, अनाथाश्रम, सुतारकाम-लोहारकामाचे कारखाने आणि मधोमध उपासनेची जागा. नाशिकसारख्या क्षेत्राच्या वेशीवर असं गाव उभं राहणं ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

या गावात आफ्रिकेची मुलं आली ती समुद्रावरून. झांझिबार, किल्वा या बंदरांतून माणसं भरलेली गलबतं अरबस्तानाकडे आणि इराणच्या आखाताकडे जात. आतल्या मुलखातून, न्यासा सरोवराच्या आसपासच्या याओ, न्यासा, माकुआ लोकांतून, शिवाय उत्तरेकडच्या गल्ला लोकांतून (आज त्यांना ओरोमो म्हणतात) मुलंबाळं पकडून किनाऱ्यावर आणली जात. अरबांचा व्यापार, अरबांची गलबतं असं आपण सहज म्हणून जातो; त्या व्यापारामागे झांझिबारच्या कच्छी सावकारांचं भांडवलही होतं, हे आपल्या इतिहासात हळू आवाजातच सांगितलं जातं. ब्रिटिश आरमाराची जहाजं अशी गलबतं अडवत. सुटलेल्या माणसांना बरेचदा मुंबई बंदरात उतरवत आणि पोलिस कमिशनरच्या ताब्यात देत. मोठी माणसं कुठे चाकरीला, कुठे गोदीत लागत. पोरांचं काय करायचं हा प्रश्न उरे. त्यातली पुष्कळ मिशनकडे आणि मिशनकडून नाशिकला आली. १८६० च्या सुमारास शरणपुरात आफ्रिकन आश्रम चांगला चालता झाला. मुलं होती, मुलीही होत्या.

नावं मात्र त्यांची राहिली नाहीत. याओ मुलखातला चेंगविंबे हा मॅथ्यू वेलिंग्टन झाला. दुसरा कुणी जेकब वेनराइट, कुणी एडवर्ड गार्डनर, कुणी विल्यम जोन्स, कुणी इश्माएल सेम्लर. काहींना मिशनऱ्यांची आडनावं मिळाली: सायमन प्राइस, रिचर्ड आयझेनबर्ग. एखाद्याच्या अंगात दुसऱ्याचा कोट घालावा तशी ही नावं. हीच मुलं इंग्रजी शिकली, हिंदुस्तानी बोलू लागली आणि नाशिकच्या बाजारात वावरायचं तर लागेल तेवढी मराठीही त्यांच्या कानावर पडत होती. जोन्स लोहारकाम शिकला. मुली शिवण, स्वयंपाक, वाचन शिकल्या.

आजीच्या आजीची एक जोडीदारीण त्या मुलींपैकी होती. नाव आमच्यापर्यंत पोचलं नाही. आजी म्हणे, ती गुरांच्या मुलखातली. लहानपणचं तिला एवढंच आठवे की दूध भोपळ्यात ठेवत आणि आई तिच्या केसांना लोणी लावी. बाकी सगळं पुसलं गेलेलं. तिचं लग्न ठरलं तो मुलगा तळ्याकाठच्या मुलखातला. दोघांची मूळ भाषा वेगळी, मुलूख वेगळा. दोघं एकमेकांशी बोलत ती शरणपूरची भाषा. लग्नानंतर थोड्याच दिवसांनी निघायचं ठरलं. तिने बरोबर नेलं ते म्हणे गोधडी, पवित्र शास्त्र, सुयांची डबी आणि फडक्यात बांधलेलं मिरचीचं बी. “नवऱ्याच्या गावाला गेली,” आजी सांगे. बाईमाणसाच्या बाबतीत आपल्याकडे याहून अधिक कारण द्यावं लागत नाही, म्हणून गोष्ट तिथेच थांबायची. खरं तर ती तिथून सुरू होते.

कारण ते नवऱ्याचं गाव नव्हतंच. शरणपूरची जोडपी ज्या किनाऱ्यावर उतरली तो मोंबासाचा किनारा. न्यासा सरोवर तिथून शेकडो मैल दूर. नाशिकच्या मुलीला कन्याकुमारीला उतरवून ‘आलं गं तुझं गाव’ म्हणावं, त्यातला हा प्रकार. किनाऱ्यावर स्वाहिली चाले, ती यांना येत नव्हती. लोक मिजिकेंदा, स्वाहिली, अरब. यांना ओळखणारं कुणी नव्हतं. ‘आफ्रिकेची लेकरं आफ्रिकेला परत’ ही कल्पना मिशनच्या कचेरीतून आणि मुंबईच्या गव्हर्नरच्या बंगल्यातून फार सरळ दिसत असावी. नकाशावर खंड एकच असतो.

पहिली जोडपी निघाली १८६४ साली. विल्यम जोन्स आणि इश्माएल सेम्लर हे बायकांसह मोंबासाजवळच्या डोंगरावर, रबाई इथे गेले. तिथे योहानेस रेबमान नावाचा जर्मन मिशनरी बरीच वर्षं होता. १८४८ मध्ये किलिमांजारोवर बर्फ पाहिल्याचं त्याने लिहिलं तेव्हा युरोपातले विद्वान हसले होते. त्याच किनाऱ्यावर त्याच्या आधी आलेल्या योहान क्राफची बायको रोझिना १८४४ मध्ये, आल्यावर काही महिन्यांतच, नवजात मुलीसह वारली. नवऱ्याच्या कार्यासाठी त्या किनाऱ्यावर गेलेल्या बायकांच्या यादीत तिचं नाव पहिलं धरावं लागेल. तिची कबर तरी लोक दाखवतात. शरणपूरच्या मुलींच्या वाट्याला तेवढंही फारसं आलेलं दिसत नाही. मिशनच्या लिखाणात नवरा नावानिशी येतो, बायको त्याच्या पाठीमागे.

इथे मला लक्ष्मीबाई टिळकांची आठवण होते. त्याही या परिसरातल्याच, जलालपूरच्या. नवरा १८९५ मध्ये ख्रिस्ती झाला, त्या पाच वर्षांनी झाल्या. नवऱ्याच्या नव्या मुलखात जायचं म्हणजे काय, हे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त लिहून ठेवलं, रडून आणि हसवून. मोंबासाला गेलेल्या शरणपूरच्या मुलींतही वाचता-लिहिता येणाऱ्या होत्या. त्यांच्याकडून असं पुस्तक कुणी मागितलं नाही.

पुरुषांकडे जगाचं लक्ष गेलं ते आफ्रिकेचा मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन याच्यामुळे. १८६५ मध्ये तो मुंबईत आला. बार्टल फ्रिअर तेव्हा मुंबईचा गव्हर्नर. लिव्हिंग्स्टन नाशिकला येऊन शरणपूर पाहून गेला आणि तिथले नऊ तरुण त्याने आफ्रिकेतल्या सफरीसाठी निवडले. १८६६ च्या जानेवारीत ‘थूल’ जहाजातून ते मुंबईहून झांझिबारला निघाले. बरोबर चुमा आणि विकातानी हे आणखी दोघे होते. त्यांना लिव्हिंग्स्टनने आधीच्या खेपेला डॉ. जॉन विल्सन यांच्या मुंबईतल्या शाळेत ठेवलं होतं. नाशिकच्या पोरांबद्दल लिव्हिंग्स्टनची रोजनिशी फारसं बरं बोलत नाही: आळशी आहेत, मागे रेंगाळतात. आठवड्यामागून आठवडे अर्धपोटी चालणाऱ्या, बरीच वर्षं शाळेत काढलेल्या पोरांनी आणखी काय करायला हवं होतं, हे त्या रोजनिशीत नाही. रिचर्ड आयझेनबर्ग तर वाटेतच गेला. विकातानीला सरोवराजवळ आपले नातलग भेटले. तो म्हणाला, मी इथेच राहतो. या साऱ्या हकिगतीत खरोखर घरी पोचलेला म्हणून मला हा एकच माणूस ठळक दिसतो. तोही शरणपूरचा नव्हे.

१८७२ मध्ये लिव्हिंग्स्टनसाठी मदत पाठवली गेली, तिच्यात शरणपूरचे आणखी तरुण होते. जेकब वेनराइट आणि मॅथ्यू वेलिंग्टन त्यांतले. १ मे १८७३ रोजी चितांबोच्या गावात लिव्हिंग्स्टन वारला. त्याचं काळीज तिथेच एका झाडाखाली पुरलं; प्रार्थना वाचली वेनराइटने, आणि झाडाच्या खोडावर नाव-तारीख कोरली तीही त्यानेच. मग देह वाळवून, गुंडाळून, चुमा आणि त्याचा सोबती सुसी यांच्या पुढारपणाखाली ती माणसं कित्येक महिने चालत किनाऱ्याला आली. पुढे वेनराइट शवपेटीबरोबर इंग्लंडला गेला. १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये खांदेकऱ्यांत एक काळा तरुण होता, तो शरणपूरच्या बाकावर अक्षरं गिरवलेला. आजीला यातलं काही माहीत नव्हतं. तिच्या गोष्टीत लिव्हिंग्स्टन आणि प्राइस हे दोन्ही साहेब मिळून एकच साहेब झाले होते, आणि त्याने कुणाचं दफन केलं नव्हतं, फक्त लग्नं लावली होती. बायकांच्या सांगण्यात इतिहास असाच गाळून येतो. मला ते गाळणं वाया गेलेलं वाटत नाही.

याच सुमारास फ्रिअर पुन्हा या गोष्टीत येतो. गुलामांचा व्यापार बंद करावा म्हणून ब्रिटिश सरकारने त्याला झांझिबारच्या सुलतानाकडे पाठवलं. जून १८७३ मध्ये सुलतान बरघशने करार केला, गुलामांचा बाजार बंद झाला. आता अडवलेल्या गलबतांवरची माणसं मुंबईपर्यंत न्यायची कशाला, तिथेच वसवावीत, असा विचार पुढे आला. ते करायला माणूस कोण? शरणपूर वसवलेला प्राइस. १८७४ मध्ये तो निघाला, १८७५ मध्ये मोंबासा बेटासमोरच्या किनाऱ्यावर त्याने जमीन घेतली आणि वसाहत उभी केली. नाव फ्रिअरटाउन. नाशिकचा आफ्रिकन आश्रम संपला. शरणपूरची माणसं तिकडे गेली. सगळ्या खेपा मिळून सुमारे दीडशे जण गेले असं सांगतात. त्यांना तिकडे नाव पडलं ‘बॉम्बे आफ्रिकन’. नाशिक तेवढ्यापुरतं मुंबईत जमा झालं.

फ्रिअरटाउन म्हणजे शरणपूरचीच दुसरी आवृत्ती: शेती, शाळा, कारखाने, मधोमध उपासनामंदिर. इथे लोहार, सुतार, शिक्षक, दुभाषे नाशिकचे. त्याच वर्षी आरमाराची जहाजं सोडवलेल्या माणसांना घेऊन येऊ लागली. शेकडो माणसं, हाडं वर आलेली, घाबरलेली, अंगावर चिंधी नाही, एकमेकांची भाषा कळत नाही. त्यांतल्या बायका-मुलांना घ्यायला किनाऱ्यावर उभ्या होत्या त्या नाशिकहून आलेल्या बायका. मिशनच्या इतिहासात या घटनेची नोंद प्राइसच्या नावावर आहे, आणि ते बरोबरही आहे. पण मी पुनःपुन्हा तिथे थांबतो ते त्या बायकांसाठी. काही वर्षांपूर्वी त्याही अशाच एका जहाजावरून मुंबईच्या धक्क्यावर उतरल्या होत्या. त्यांना कुणी अंघोळ घातली होती, लुगडं किंवा झगा दिला होता, हातात सुई दिली होती. आता तेच त्या करत होत्या. कापड फाडायचं, शिवायचं, लापशी रांधायची, ताप उतरवायचा, अक्षरं गिरवायला लावायची. मुलूख परका होता, पण उतरणाऱ्या बाईच्या तोंडावरची भीती परकी नव्हती. ‘नवऱ्याच्या मायदेशी जाऊन तिथल्या लोकांना आधार’ असं आज आपण म्हणू. नवऱ्याचा मायदेश नसताना आणि लोक आपले नसताना त्यांनी तो दिला.

गोऱ्या मिशनऱ्यांशी मात्र त्यांचं नीट जमलं नाही. शरणपुरात ‘मुलं’ असलेली ही माणसं इथे स्वतःला शिकलेली, कारागीर, प्रतिष्ठित समजत. ती बूट घालत, इंग्रजीत पत्रं लिहीत, पगार मागत. नव्याने विलायतेहून आलेल्यांना हे रुचेना. ‘चढेल’, ‘महागडी’ अशी कुरकुर मिशनच्या पत्रांत दिसू लागते. एका अधीक्षकाच्या काळात तर चाबूक आणि कोठडी सुरू झाली. गुलामगिरीतून सुटलेल्यांच्या वसाहतीत चाबूक! चौकशी झाली, त्याला परत बोलवावं लागलं. माझं स्पष्ट मत आहे की फ्रिअरटाउन टिकलं ते या ‘चढेल’ माणसांमुळे. नुसत्या कृतज्ञ माणसांच्या बळावर गावं उभी राहत नाहीत.

याचा दाखला विल्यम जोन्स. रबाईत त्याच्या आसऱ्याला पळून आलेले गुलाम येऊ लागले. मालक किनाऱ्यावरचे अरब आणि स्वाहिली. कायद्याने ती त्यांची मालमत्ता. मिशनने पळपुट्यांना थारा देऊ नये असं वरून सांगणं होतं. नाशिकच्या लोहाराने थारा दिला. थोडेथोडके नव्हेत. वस्तीच्या वस्ती वाढली, मालक चिडले, हल्ल्याच्या धमक्या आल्या. शेवटी १८८८ मध्ये म्हातारा प्राइस तिसऱ्यांदा तिथे गेला. ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीच्या जॉर्ज मॅकेन्झीने मालकांना भरपाई द्यायची तयारी दाखवली आणि १ जानेवारी १८८९ ला रबाईत चौदाशेहून अधिक माणसांना सुटकेचे कागद मिळाले. हा दिवस पूर्व आफ्रिकेच्या इतिहासात लिहिला जातो. नाशिकच्या इतिहासातही लिहायला हरकत नाही.

त्याआधी, १८८५ मध्ये, जोन्सला आणि सेम्लरला बिशप जेम्स हॅनिंग्टनने दीक्षा दिली. त्याच वर्षी बिशप युगांडाच्या वाटेला लागला, जोन्स बरोबर. बिशप पन्नासेक माणसं घेऊन पुढे गेला, जोन्सला बाकीच्या तांड्यासह मागे ठेवलं. ऑक्टोबरअखेर बिशपला आणि त्याच्या बहुतेक माणसांना मारून टाकलं. बातमी पोचल्यावर जोन्सने उरलेला तांडा अनोळखी, शत्रू झालेल्या मुलखातून रबाईपर्यंत परत आणला. रबाईला त्या तांड्यातल्या माणसांच्या बायका वाट पाहत होत्या. निळ्या निशाणावर पांढऱ्या अक्षरांत ‘ईखाबोद’ लिहून तांडा आला. पवित्र शास्त्र वाचणाऱ्यांना अर्थ लगेच कळला असणार: वैभव निघून गेलं.

जेकब वेनराइटला घर लाभलं नाही. ॲबेत खांदा दिलेला तो तरुण पुढे या मिशनमधून त्या मिशनमध्ये, युगांडाच्या राजाकडे, कुठे कुठे फिरला आणि १८९२ मध्ये आतल्या भागात, उरांबोला वारला. मॅथ्यू वेलिंग्टन सगळ्यांत जास्त जगला. लिव्हिंग्स्टनला पाहिलेला शेवटचा माणूस म्हणून मोंबासात लोक त्याला भेटायला येत. १९३५ मध्ये तो गेला. आमची आजी तेव्हा चाळिशीची होती. म्हणजे तिच्या तोंडी ‘आगगाडीच्या आधीची’ म्हणून जी गोष्ट होती, तिच्यातला एक पोरगा प्रत्यक्ष तिकडे जिवंत होता, आणि इकडे कुणाला पत्ता नव्हता.

फ्रिअरटाउन आज मोंबासा शहरात मिसळून गेलंय. जुन्या घंटेवरून तिथल्या चौकाला केंगेलेनी म्हणतात. मताटू, म्हणजे तिकडच्या भाड्याच्या मिनीबस, तिथे थांबतात. सुटलेल्यांच्या तिथल्या पुढच्या पिढीतला एक शिक्षक, जेम्स म्बोटेला, वडीलधाऱ्यांकडून ऐकलेलं लिहीत बसला, आणि १९३४ मध्ये त्याचं ‘उहुरू वा वातुम्वा’ हे गुलामांच्या सुटकेवरचं स्वाहिली पुस्तक निघालं. वाळूत बसून म्हातारे सांगत, तो लिहून घेई, असं मी मनाशी धरलंय. पुस्तक मात्र खरं आहे आणि केनियात पिढ्यान् पिढ्या वाचलं गेलंय.

त्या हकिगतीची नाशिकची बाजू मराठीत एका जागी लिहिलेली माझ्या पाहण्यात नाही. शरणपुरातली जुनी घरं आता इमारतींना जागा देतायत. ज्यांच्या आज्या-पणज्या मिशनच्या बोर्डिंगात शिकल्या अशी माणसं सत्तरी-ऐंशीत आहेत. तुमच्या घरात कुणी ‘हबशी पोरांची’ गोष्ट सांगत असेल, एखाद्या बायबलच्या पहिल्या पानावर न कळणारं नाव असेल, जुन्या गट-फोटोत मागच्या रांगेत कुरळ्या केसांची मुलगी असेल, तर या पावसाळ्याच्या आत लिहून काढा आणि पाळकांकडे किंवा सार्वजनिक वाचनालयात एक प्रत द्या. तारीख चुकली तरी चालेल, आगगाडीच्या आधी की नंतर एवढं लिहा.